सहाण, वेढा आणि बाळाचे वय : मुलांच्या दुखण्यात घरगुती वनस्पती कशा वापराव्यात

बाळंतविड्यात अंगडी-टोपडी आणि दुपट्यांबरोबर बाळगुटीचा डबा आजही हमखास येतो. त्यात हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, ज्येष्ठमध, जायफळ, मायफळ, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, डिकेमाली, सागरगोटा, बदाम आणि खारीक अशी भरगच्च मांडणी असते. पण कोणती मुळी कशासाठी, किती आणि कोणत्या वयापासून द्यायची हे सांगणारी जाणती बाई आता प्रत्येक घरात असतेच असे नाही. डबा घरात येतो आणि त्यामागची रीत मागेच राहते, म्हणून ही माहिती सविस्तर लिहीत आहे. यात जे करावे असे सांगितले आहे त्याइतकेच जे करू नये तेही महत्त्वाचे आहे, कारण लहान मुलाच्या बाबतीत औषध आणि अपाय यांच्यातले अंतर फार थोडे असते.

आधी वय, मग आजार, मग वनस्पती

घरगुती उपचाराचा विचार करताना आपण सहसा आजारापासून सुरुवात करतो: खोकला झाला, मग अडुळसा. मुलांच्या बाबतीत सुरुवात वयापासून करावी. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज तोंडावाटे काहीही देऊ नये, अगदी उकळलेले पाणीही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्या अंगणवाडीच्या ताई आणि आशाताईही हेच सांगतात. याला गुटी अपवाद नाही. सहाण, पळी, बोंडले आणि उगाळायचे पाणी यांतल्या कशातूनही जंतू पोटात जाऊ शकतात, आणि गुटीच्या चमच्याने भरलेले पोट तेवढे दूध कमी पिते.

यावर घरोघरी एकच उत्तर मिळते, की आमच्या चार पिढ्या गुटीवरच वाढल्या. हे खरे आहे; पण त्याच पिढ्यांत जी बाळे वर्षाची होण्याआधीच गेली त्यांची आठवण काढायला आज कोणी उरलेले नाही, आणि वाढलेल्यांच्या साक्षीवरून गेलेल्यांचा हिशेब लागत नाही. शिवाय परंपरेचे मूळही सरसकट देण्याचे नाही. बालरोगांचा विचार करणारी कौमारभृत्य ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक शाखा आहे, आणि तिचा प्रमुख ग्रंथ असलेल्या काश्यपसंहितेत लेहन, म्हणजे बाळाला औषध चाटवणे, कोणत्या बाळासाठी योग्य आणि कोणत्या बाळासाठी अयोग्य याची स्वतंत्र चर्चा आहे. म्हणजे निवड करणे ही आधुनिक डॉक्टरांनी लादलेली गोष्ट नव्हे.

सहा महिने ते एक वर्ष या काळात घरगुती वनस्पतींचा वापर मुख्यतः बाहेरून आणि वरच्या अन्नातून करावा. मऊ भातात किंवा मुगाच्या पाण्यात चिमूटभर जिरेपूड किंवा हिंगाचा कण पुरेसा असतो. या वयात मध कधीही देऊ नये, चाटवण्यापुरताही नाही. मधात बॉट्युलिनम जंतूंची बीजे असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात, त्यामुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात. एक वर्षानंतर सौम्य वनस्पती थोड्या प्रमाणात आणि पाच वर्षांनंतर काही काढे, असा क्रम धरावा. मूल कमी वजनाचे, वेळेआधी जन्मलेले किंवा आधीपासून कोणत्या औषधावर असेल, तर हा क्रमही स्वतःच्या मनाने लावू नये.

उगाळण्याची रीत का जपावी

जुन्या बायका गुटीचे माप वेढ्यांत सांगत. सहाणेवर थोडे पाणी घेऊन मुळी एकदा गोल फिरवली की एक वेढा. हिरड्याचे दोन वेढे, मुरुडशेंगेचा एक, असा हिशेब असे. करून पाहिले तर लक्षात येते की एका वेढ्यात सहाणेवर केवळ एक फिकट रेघ उमटते. वाळलेली कडक मुळी सहाण सहजी सोडत नाही. थोडक्यात, सहाण हे मात्रा आपोआप कमी ठेवणारे साधन होते. आज त्याच वनस्पतींची तयार चूर्णे पुड्यांत मिळतात आणि ती चमच्याने मोजली जातात. पाव चमचा चूर्णात कित्येक वेढ्यांचा ऐवज असतो, आणि घरातल्या कोणालाही आपण मात्रा कितीतरी पटीने वाढवली आहे याची जाणीव नसते. माझ्या मते परंपरेतली सर्वांत शहाणी गोष्ट ही मात्रेची शिस्त आहे आणि नेमकी तीच आपण सोडून दिली आहे.

अखंड मुळीचा दुसरा फायदा ओळखीचा आहे. पिळदार मुरुडशेंग, सुरकुतलेला हिरडा, आतून पिवळे आणि चवीला गोड ज्येष्ठमध हे डोळ्यांनी आणि जिभेने पारखता येतात. चूर्ण झाल्यावर सगळे सारखेच तपकिरी. अतिविषाचे उदाहरण घ्यावे. संस्कृतात त्याला ‘शिशुभैषज्य’ असेही नाव आहे, इतके ते मुलांच्या औषधांत मुरलेले आहे. पण ही वनस्पती हिमालयात उंचावर होते, जंगलातून दुर्मीळ होत चालली आहे आणि महाग आहे, त्यामुळे तिच्यात भेसळ होते. आणि ती ज्या कुळातली आहे त्याच कुळात बचनागासारखे जहाल विषही आहे. चूर्णांचा आणखी एक धोका शिशाचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने शिसे आढळलेल्या घरगुती औषधांच्या यादीत ‘बालागोली’, ‘घसार्ड’ आणि ‘कंडू’ ही भारतीय कुटुंबांत वापरली जाणारी नावे दिली आहेत. शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि ते चवीला किंवा वासाला कळत नाही. परदेशातील मराठी कुटुंबांनी गावाकडून येणारी बिननावाची पुडी म्हणूनच वापरू नये, आणि इथल्या कुटुंबांनीही.

वर्षावरील मुलासाठी जाणकार वैद्यांच्या सल्ल्याने उगाळून द्यायचे ठरले, तर रीत अशी ठेवावी. मुळ्या अखंड घ्याव्यात. बुरशी, भोके किंवा कुबट वास असलेली टाकून द्यावी. घेतलेल्या मुळ्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवाव्यात. गुटीची सहाण देवघरातल्या चंदनाच्या सहाणेपेक्षा वेगळी असावी, आणि प्रत्येक वेळी ती घासून त्यावर उकळते पाणी ओतावे. उगाळण्यासाठी उकळून गार केलेले पाणी घ्यावे. एका वेळी एकच वनस्पती, तीही एक वेढा, अशी दोन-तीन दिवस देऊन मुलाला पुरळ, उलटी किंवा पातळ शी होत नाही ना हे पाहावे. दहा मुळ्यांची एकत्र गुटी दिल्यावर त्रास झाला तर कशाने झाला हे कोणालाच सांगता येत नाही. उगाळलेले उरले तर फेकून द्यावे, संध्याकाळसाठी ठेवू नये.

डब्यातल्या दोन वस्तू मी बाजूला काढून ठेवायला सांगेन. पहिली वेखंड. ‘बोलायला लवकर यावे’ म्हणून वेखंडाचा वेढा देण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु भारतीय वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य भरपूर असते, प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने 1968 मध्ये वेखंडाला खाद्यपदार्थांत बंदी घातली, आणि लहान बाळांना वेखंडाने उलट्या होतात हेही बालरोगतज्ज्ञांच्या पाहण्यात आहे. दुसरी वस्तू जायफळ. जायफळाने बाळ शांत झोपते, हीच त्यातली अडचण. जुलाब लागलेल्या मुलाला जायफळ दिले की ते गुंगते, घरचे ‘आराम पडला’ म्हणून निर्धास्त होतात, आणि अंगातले पाणी कमी झाल्यामुळे येणारी ग्लानी त्या गुंगीत झाकली जाते. मात्रा जास्त झाली तर उलट छाती धडधडणे आणि भ्रम होणे असे विषारी परिणाम दिसतात.

सर्दी आणि खोकला

साधी सर्दी आठवड्याभरात आपोआप जाते. आपले काम मुलाला आराम देण्याचे आहे. सर्वांत निर्धोक उपाय ओव्याची पुरचुंडी. दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतावा, जुन्या सुती कापडात घट्ट बांधावा आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा आकडे म्हणेपर्यंत टेकवून पाहावा. आपल्याला सहज सोसला तरच मुलाच्या छाती-पाठीवर, झबल्यावरूनच, हलका शेक द्यावा. ओव्यातल्या थायमॉलचा वास आणि ऊब एवढाच त्याचा उद्देश आहे. पुरचुंडी पाळण्यात ठेवून झोपी जाऊ नये.

एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध दिल्यास रात्रीची ढास कमी होते, आणि यामागे चाचण्यांचा आधारही आहे. त्यात तुळशीच्या चार-पाच पानांच्या रसाचे काही थेंब घालता येतील. दोन वर्षांवरील मुलाला गवती चहाची पात आणि आल्याचा पातळ तुकडा पाण्यात उकळून, गाळून, कोमट करून घोट-घोट द्यावा. दुधात चिमूटभर हळदही चालते, मात्र हळद खात्रीच्या ठिकाणची असावी, कारण रंगासाठी तिच्यात शिसेयुक्त रंग मिसळल्याचे प्रकार आढळलेले आहेत.

अडुळशाची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. शेताच्या कडेला कुंपण म्हणून तो सर्रास लावतात, कारण त्याच्या उग्र वासामुळे गुरे-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पाने समोरासमोर, लांबट आणि टोकदार. फुले पांढरी आणि ओठ उघडल्यासारखी. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्सिन हे आजचे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. पाच वर्षांवरील मुलासाठी तीन-चार पिकत आलेली पाने धुऊन तव्यावर मऊ होईपर्यंत गरम करावीत, कापडात घेऊन पिळावीत, आणि निघालेल्या रसातला पाव चमचा तितक्याच मधात मिसळून दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवसच द्यावा. जास्त झाला की तो उलटी करवतो. दम्याच्या मुलाला किंवा धाप लागलेल्या मुलाला अडुळशावर थांबवून ठेवू नये.

बाजारातली खोकल्याची औषधे पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत असे आता डॉक्टरही सांगतात, त्यामुळे घरगुती उपायांकडे ओढा वाढला आहे. तो ओढा समजण्यासारखा असला तरी काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दोन वर्षांखालील मुलाच्या अंगाला कापूर किंवा कापराचे तेल लावू नये, पोटात तर कोणत्याही वयात देऊ नये. कापराने मुलांना झटके येतात. नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. पातेल्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ देताना भाजलेल्या मुलांची संख्या कमी नाही. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर वावडिंग, ओवा, बाळंतशेपा टाकून कोंडलेली धुरी बाळाच्या श्वासासाठी केवळ धूरच असतो.

पोटदुखी, जुलाब आणि जंत

तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे रडणे तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होते. तोवर कोमट खोबरेल तेलाचा हात बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा, गुडघे पोटाशी हलके दुमडावेत आणि दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. बेंबीभोवती हिंग लावायचाच असेल तर नाळ पडून जागा पूर्ण कोरडी झाल्यावरच, पाण्यात अगदी पातळ करून लावावा. नाळेवर हळद, राख, तेल, शेण यांपैकी काहीही लावू नये. बाळंतशेपा पोटातल्या वायूवर पूर्वापार वापरात आहे. विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये इंग्लंडात तयार केलेल्या ग्राइप वॉटरमध्येही शेपेचे तेल होते, आणि त्याबरोबर अल्कोहोलही होता. बाळ शांत होण्याचे श्रेय यातल्या कशाला द्यायचे हे सांगणे अवघड आहे. शेपा आणि वावडिंग आईच्या आहारात राहू द्यावेत, बाळाच्या चमच्यात नकोत.

जुलाबांत जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने, म्हणून जलसंजीवनी (ओआरएस) हे पहिले औषध. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या याच द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. पाकीट मिळाले नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ याहून जास्त घालू नये. अंगावरचे दूध चालूच ठेवावे, सहा महिन्यांवरील मुलाला तांदळाची पेज द्यावी, आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात.

एवढे सांभाळल्यावर वनस्पतींची जागा येते. दोन वर्षांवरील मुलाला कोवळ्या बेलफळाचा मुरंबा चमचाभर देता येतो. त्यातली तुरट द्रव्ये शी आळण्यास मदत करतात. मुरडा मारत असेल तर परंपरेने मुरुडशेंगेचा वेढा देतात, आणि माफक प्रमाणात ती निरुपद्रवी आहे. डाळिंबाच्या सालीचा काढा मात्र फार तुरट असल्याने मुलाला उलटी होते आणि आहे ते पाणीही बाहेर जाते. शीमध्ये रक्त दिसले तर कुड्याच्या सालीची आठवण जुन्या माणसांना येईल; मुलाच्या बाबतीत मात्र रक्त हे दवाखान्यात जाण्याचे कारण समजावे. बद्धकोष्ठासाठी बाळहिरड्यापेक्षा भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून देणे बरे, आणि एरंडेल पाजण्याची जुनी शिक्षा बंद व्हावी.

जंतांवर वावडिंग आणि डिकेमाली सांगितली जाते. पण राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते, तिचा परिणाम खात्रीचा आहे, आणि म्हणून इथे मी निःसंकोच गोळीच्या बाजूने आहे.

ताप, पुरळ आणि कावीळ

तापात वनस्पतीपेक्षा कोमट पाण्याने अंग पुसणे, पातळ कपडे आणि भरपूर पेय हे अधिक उपयोगी. काडेचिराईत कडू असल्याने मूल ते उलटून टाकते. गुळवेलीबद्दल सावध राहावे. कोविडच्या काळात मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल नियमित घेणाऱ्या काही प्रौढांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असा मुद्दाही त्या चर्चेत आला. वाद तज्ज्ञांचा आहे, पण ज्या वेलीची ओळख पटवण्यातच घोटाळा होऊ शकतो ती मुलाला रोज ‘प्रतिकारशक्तीसाठी’ देण्याचे कारण नाही.

घामोळ्यांवर वाळा घातलेल्या पाण्याने अंघोळ आणि कडुनिंबाच्या पानांच्या उकळून गार केलेल्या पाण्याने अंग पुसणे चांगले. पण कडुनिंबाचे तेल पोटात कधीही देऊ नये. थोड्याशा तेलानेही तान्ह्या मुलांना झटके, बेशुद्धी आणि मेंदूला सूज आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. गोवर आला की दारावर कडुनिंबाचा डहाळा लावण्याची रीत आहे, आणि त्यामुळे आजारी मुलाला वेगळे ठेवले जात असेल तर ती ठेवावी. गोवराच्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रेची गरज असते आणि ती दवाखान्यातच मिळते, त्यामुळे डहाळा लावून घरी बसू नये. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. पोटफुगीवर बिब्याचा डाग देण्याचा प्रकार तर पूर्णपणे थांबवावा, कारण बिब्याचे तेल कातडी जाळते. नवजात बाळाचे तळहात आणि तळपाय पिवळे दिसले तर भुईआवळा शोधू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरगुती उपाय कोठे थांबवावा

मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, घेतलेले सर्व उलटून टाकत असेल, झटका आला असेल, सुस्त पडले असेल किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर कोणतीही मुळी न उगाळता निघावे. मूल शांत असताना उघड्या छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत: दोन महिन्यांखाली 60 किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक असल्यास तो वेगवान श्वास, आणि तो न्यूमोनियाचा असू शकतो. जुलाबांत डोळे खोल गेले किंवा पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली तरीही हेच करावे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप, कितीही कमी असला तरी, घरी पाहत बसण्याचा नव्हे. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत येते.

निघताना मुलाला दिलेली मुळी, पान किंवा चूर्णाची पुडी सोबत घ्यावी आणि काय, किती, किती वाजता दिले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ओरडा बसेल या भीतीने आई किंवा आजी हे लपवते, आणि मग उलट्यांचे कारण शोधण्यात मोलाचा वेळ जातो. मुलाने अंगणातल्या धोत्र्याची, चंद्रज्योतीची किंवा गुंजेची बी खाल्ली असेल तर मीठपाणी पाजून ओकवण्याचा प्रयत्न करू नये. बी तोंडात उरली असल्यास बोटाने अलगद काढावी, त्या झाडाची फळासह फांदी तोडून बरोबर घ्यावी आणि सरळ रुग्णालयात जावे.